आक्कानं सावली मागितली होती

माझं दुकान कचेरीसमोर. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, आणि बोर्डावर नसलेला पण खरा धंदा म्हणजे अर्ज लिहून देणं. माणूस येतो, मराठीत आपलं रडगाणं सांगतो, मी ते कन्नडमध्ये टाइप करून त्याच्या हातात ठेवतो. बावीस वर्षं हेच चाललंय. बोर्डावर नियमाप्रमाणे 60 टक्के कन्नड, उरलेल्या जागेत मावेल तेवढं मराठी. गावाचं नाव लिहीत नाही. बेळगावहून बसनं तासाभराचं अंतर, पट्टण पंचायत, बुधवारचा बाजार, पावसाळ्याचे चार महिने छत्री दारातच टांगलेली. एवढ्यावर ज्याला ओळखायचं तो ओळखेल.

बसस्टँडच्या मागं जुना जकात नाका आहे. कर्नाटकात 1979 ला जकात उठली, तेव्हापासून त्या खोलीला कुलूप. तिच्यामागं कोंडवाडा. लहानपणी शेजारच्या काकांची म्हैस तिथं अडकली होती आणि काका दंडाचे पैसे मोजताना सगळ्या गल्लीला शिव्या घालत होते, हे मला अजून आठवतं. पुढं गुरं कमी झाली, कोंडवाड्याचा दगडी गडगा एकेक चिरा करून लोकांच्या परसात गेला, आणि उरली ती तांबड्या मातीची उघडी जागा. मधोमध एक चिंच. जागा पंचायतीची, एवढंच सगळ्यांना माहीत.

2022 च्या उन्हाळ्यात कुणीतरी बातमी आणली की तिथं कॉम्प्लेक्स होणार. खाली गाळे, वर गाळे. दोन दिवसांत गाळ्यांचे दर गावात फिरायला लागले, चौथ्या दिवशी गाळा कुणाकुणाला मिळणार त्याच्या याद्या. कागद मात्र एकानंही पाहिला नव्हता.

आमच्याकडं प्रत्येक गल्लीला पंच असतात. देवळाचा हिशेब, गणपतीची वर्गणी, दोन भावांमधली भिंत, सगळं पंचांपुढं येतं. आजूबाजूच्या चार गल्ल्यांचे पंच मारुतीच्या देवळात बसले. पहिल्या बैठकीत तासभर नुसता आरडाओरडा. तरुण मंडळाला मैदान पाहिजे, व्यापाऱ्यांना गाळे, दोघातिघांना मंगल कार्यालय. शेवटी निवृत्त झालेले एक गुरुजी उठले आणि म्हणाले, ‘‘जागा आहे तरी किती?’’ एकजण म्हणाला एकर. दुसरा म्हणाला दोन. तिसऱ्याच्या मते तीस गुंठे. गुरुजी खाली बसले आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अर्ज म्हटलं की गाव माझ्याकडंच बघतं.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. फी 10 रुपये. आमच्या राज्यात त्याला एक अट आहे: अर्ज 150 शब्दांच्या आत आणि विषय एकच. त्यामुळं जागेचा उतारा एका अर्जात, बांधकामाचा ठराव झालाय का ते दुसऱ्यात, मास्टर प्लॅनमध्ये त्या जागेचा वापर काय दाखवलाय ते तिसऱ्यात. कन्नडमध्ये शब्दाला शब्द चिकटत जातो, म्हणून 150 मध्ये मराठीपेक्षा जरा जास्त मावतं; धंद्यातली ही गंमत फुकट सांगून टाकतो. उत्तराला कायद्यानं 30 दिवस. आम्हाला दोन उत्तरं वेळेत आली, तिसऱ्यासाठी अपील करावं लागलं.

ठराव झालेलाच नव्हता. नुसती चर्चा होती. मास्टर प्लॅनमध्ये जागा सार्वजनिक वापरात दाखवलेली, म्हणजे पुरा व्यापारी कॉम्प्लेक्स बांधायचा तर 1961 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याप्रमाणे वापर बदलून घ्यायला पाहिजे, जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवायला पाहिजेत. उताऱ्यावर क्षेत्र 1 एकर 4 गुंठे, म्हणजे 44 गुंठे. डोळ्यांना ती तेवढी दिसत नव्हती.

मुख्याधिकारी बाई मंड्याकडच्या, मराठी कळत नव्हतं, पण ऐकून घ्यायच्या. गुरुजींनी त्यांना विचारलं, आमच्यासारख्यांनी आपलं म्हणणं कायद्यानं कुठं मांडायचं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. 74 व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या आल्या खऱ्या, पण सक्ती आहे ती 3 लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांना. आमच्या गावाची वस्ती त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही मिळून काहीतरी लिहून आणा, मी सभेपुढं ठेवते. नोडोण.’’ नोडोण म्हणजे बघूया. हा शब्द इकडच्या मराठी माणसाला शाळेत न जाताही पाठ असतो.

अर्ज मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये, यावर देवळात परत एक बैठक गेली. तरुण पोरं म्हणाली, घटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, आपण मराठीतच देणार. बरोबर आहे, हक्क आहेच. मी म्हटलं, हक्क आहे म्हणून मराठीत देऊ आणि वाचलं जावं म्हणून कन्नडमध्ये पण देऊ, दोन्हीवर एकच शिक्का घेऊ. सीमाभागात राहून एवढी तडजोड करायला लागते. मला तिची लाज वाटत नाही. इथंच ठरलं की गावात बोलायचं ते मराठीत, लिहून घेणार गुरुजी, आणि कन्नड करणार मी. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा.

मोजणीला सर्व्हेअर आला तो विजापूरकडचा पोरगा. हातात नवं यंत्र, पण ज्या जुन्या टिपणाला ते जुळवायचं त्यावरची मापं फुटात नव्हती, साखळी-आण्यात होती. एक साखळी 33 फूट, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. ते त्याला येत होतं. अडला तो अक्षरांपाशी. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळं त्या कागदावर शेरे मराठीत. मी वाचून दाखवले: ‘कोंडवाडा, दगडी गडगा’, आणि कोपऱ्यात ‘डोण’. डोण म्हणजे काय, त्यानं विचारलं. गुरांना पाणी प्यायची दगडी डोण. चिंचेच्या पलीकडं शेणामातीखाली ती निघाली तेव्हा त्या पोराला आमच्यापेक्षा जास्त आनंद झाला, कारण त्याला एक पक्की खूण मिळाली.

हद्दीचे चार दगड शोधायचे होते. दोन जागेवर होते. तिसरा रस्त्याखाली गेला असावा. चौथा काही केल्या मिळेना, तेवढ्यात एका परसातल्या नळाजवळ सर्व्हेअर थबकला. मावशी धुणं आपटत होत्या तो दगड. वरची बाजू साबणानं गुळगुळीत, पण बाजूला कोरलेली फुली दिसत होती. मावशी म्हणाल्या, ‘‘सासूबाईंच्या वेळेपासनं हाय की हितं.’’ दगड त्यांनी आणला नव्हता. त्यांचं परसच हळूहळू दगडापर्यंत आणि मग दगडाच्या पुढं आलं होतं. मोजून जागा भरली 38 गुंठे. सहा गुंठे दोन्ही बाजूंच्या परसात. त्या रात्री देवळात खूप वेळ कुणी बोललं नाही, कारण त्या परसांपैकी एक आमच्याच एका पंचांचं होतं. त्यांनी पुढच्या पंधरवड्यात कुंपण आपणहून मागं घेतलं. दुसऱ्यांनी घेतलं नाही, ते प्रकरण अजून कागदावर आहे आणि त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, दोघंही माझी गिऱ्हाइकं आहेत.

मग गुरुजींनी कॉलेजच्या पोरांना कामाला लावलं. काय बांधायचं हे विचारण्याआधी तिथं आत्ता काय चालतं ते लिहा, म्हणाले. पोरांनी दोन बुधवार आणि दोन साधे दिवस सकाळी सहापासून वहीत नोंदी केल्या. साध्या दिवशी पहाटे फिरणारे म्हातारे, मग शाळेची बस वळते, दुपारी कुंभार गल्लीची मडकी वाळत पडलेली, उन्हाळ्यात कुणाचे सांडगे, चारनंतर क्रिकेट. बुधवारी मात्र आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका रताळी, हिरव्या मिरच्या, वांगी, परसातली केळी घेऊन यायच्या. पोरांनी 61 जणांना मोजलं, त्यात पुरुष थोडेच. मोकळ्या जागेत बसायचं सोडून बहुतेकजणी गटाराच्या काठाला दाटीनं बसत. का? वहीत तासातासाला चिंचेच्या सावलीची रेघ काढली होती, ती पाहिल्यावर कळलं. नवाच्या आत सावली भरून जाते. सावली सरकते तशा बाया टोपल्या उचलून तिच्यामागं जातात, दिवसातून तीनदा. ज्यांना जागा मिळत नाही त्या गटाराकाठी, जकात नाक्याच्या भिंतीच्या आडोशाला.

कुंभार गल्लीतली आक्का मडकी विकते. खानापूरच्या बाजूला ही माती चांगली, कौलं आणि मडकी पूर्वीपासूनची. खानापुरात तर खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाच आहे. आक्का मात्र शिकली ती सासऱ्याकडं. पोरांनी तिला विचारलं, इथं काय व्हावं? तिचं उत्तर गुरुजींनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं: ‘‘भाजीवाली उठून सावलीमागं जाती. माझी मडकी चालत जातात काय? मला गाळा नको, काय नको. सावली द्या.’’

तिनं आणखी एक केलं. नकाशाचा कागद बैठकीत फिरवला की बाप्ये माना डोलवायचे आणि बायका पुढच्या माणसाकडं सरकवायच्या. आक्का म्हणाली, मी मातीत करून आणते. जुन्या दाराच्या फळीवर तिनं जागा थापली, एका साखळीला चार बोटं या मापानं. चिंच म्हणून करंजाची फांदी खोचली. गाळे म्हणजे काडेपेटीएवढ्या विटा, ओटे म्हणजे चपट्या पट्ट्या. फळी सुकली की तडकायची, म्हणून रात्री ओलं पोतं टाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत हलवता यायचं. दहा-बारा दिवस ती फळी देवळाच्या ओसरीवर होती. येताजाता लोक विटा सरकवायचे. सकाळी दहा गाळे असायचे, संध्याकाळी चौदा.

एक नगरसेवक आले. त्यांनी सगळ्या कडेनं चोवीस गाळे मांडले आणि मागं सरून बघितलं. आक्कानं एक काडेपेटी घेतली, म्हणाली हा टेम्पो, आता वळवून दाखवा. वळेना. हसू झालं. पण त्यांचं पुढचं बोलणं कुणी हसण्यावारी नेलं नाही. ‘‘पंचायतीला उत्पन्न कुठून येणार? दिवाबत्ती, नळ, झाडलोट कशावर चालवायची?’’ माझ्या मते त्या सगळ्या बैठकांमधला सगळ्यात सरळ प्रश्न तो होता, आणि त्याला आमच्याकडं उत्तर तयार नव्हतं. गाळे नकोच म्हणणाऱ्यांना त्या दिवशी गप्प बसावं लागलं. कुणी सुचवलं, जागा तीस वर्षांच्या पट्ट्यानं बिल्डरला द्या, तो सगळं बांधील. मुख्याधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की 1964 च्या नगरपालिका कायद्यात एवढ्या लांबचा पट्टा सरकारच्या मंजुरीशिवाय देताच येत नाही. तो विषय तिथं संपला.

ठरलं ते असं. रस्त्याच्या कडेला दहा गाळे, त्यांचं भाडं पंचायतीला. मधे ओट्यांच्या चार रांगा, बाजाराच्या बायकांसाठी, त्यांच्यावर सावली. एका कोपऱ्यात बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं संडास. बाकीची जागा मोकळी, तिथं क्रिकेट, मडकी, सांडगे, गणपतीचा मांडव. डोण जागेवर ठेवायची. चिंचेला हात लावायचा नाही. तसाही 1976 चा झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही.

ओट्यांवर हक्क कुणाचा, यावर मात्र बरंच अडलं. 2014 च्या फेरीवाल्यांच्या कायद्यात नगर विक्री समिती असते, तिच्यात किमान 40 टक्के विक्रेते पाहिजेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. कागदावर छान आहे. पण आमच्या बुधवारच्या बायका गावच्या नव्हेतच, आठवड्यातून एकदा खेड्यातून येणाऱ्या. त्यांच्याकडं पंचायतीचं ओळखपत्र नाही. यादी करायला बसलं की पहिली नावं लागतात रोज बसणाऱ्यांची, आणि ओटे त्यांच्या नावानं बांधले जातात. शेवटी दोन रांगा रोजच्यांना, दोन फक्त बुधवारच्या, कुणाच्याच नावानं नाहीत, असं लिहून घेतलं. हे लिहून घ्यायला तीन बैठका लागल्या. गाळ्यांवर दोनच लागल्या होत्या.

आता माझी गोष्ट. गुरुजींच्या मराठी इतिवृत्तावरून मी कन्नड निवेदन केलं. सावलीला नेरळु लिहिलं, म्हणजे सावलीच. ते सभेपुढं गेलं, ठरावही झाला. मग इंजिनिअर साहेबांचा निरोप आला, एस्टिमेटसाठी इंग्रजीत एक पान पाहिजे, उद्या सकाळी. पाऊस, वीज जात-येत होती, दुकानात मी एकटा. घाईघाईनं टाइप केलं. इंग्रजीतली सावली आणि इंग्रजीतलं पत्र्याचं छप्पर, आपल्या तोंडात दोन्ही ‘शेड’च. स्पेलिंगमध्ये फरक आहे, पण मला विचाराल तर त्या रात्री मी स्पेलिंग बघितलं नाही, कानानं लिहिलं. माझ्या डोक्यात ओट्यांच्या मधे करंज आणि नांद्रुकाची झाडं होती. कागदावर पडलं ते पत्र्याचं छप्पर, लांबी-रुंदीसकट.

इंजिनिअरांनी पान वाचलं आणि त्यांना काही चुकल्यासारखं वाटलंच नाही, वाटणार कसं? बाजाराच्या ओट्यांवर शेड, हे सगळीकडंच असतं. लोखंडी पाइप, त्यावर पत्रे, तांत्रिक मंजुरी, टेंडर. संडासाचं काम सगळ्यात आधी सुटलं, कारण 15 व्या वित्त आयोगाच्या पैशातला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. ओटे नंतर झाले. पाइप उभे राहायला लागले तेव्हा मी सायकल थांबवून विचारलं, हे काय? मिस्त्री म्हणाला, शेड.

मी रात्री फाइल काढून ते पान बघितलं. चूक माझीच होती, दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नव्हती. मुख्याधिकाऱ्यांकडं गेलो. त्या म्हणाल्या, मंजूर टेंडरचं काम बदलायचं तर परत एस्टिमेट, परत मंजुरी, वर्ष जाईल आणि पैसे परतही जातील. झाडं पुढच्या टप्प्यात घेऊ. नोडोण.

देवळात मी सांगितलं तेव्हा कुणी फारसं बोललं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मीच सावली न लिहिता झाडं लिहायला पाहिजे होतं. मला त्यानं जास्तच वाईट वाटलं. आक्का तेवढी हसली. म्हणाली, ‘‘पावसात कोण बसतंय झाडाखाली? राहू दे.’’

ती पावसाच्या बाबतीत बरोबर निघाली. मिरगापासून नवरात्रापर्यंत ओटे गच्च भरतात, पत्र्यावर पाऊस एवढा वाजतो की भाव ओरडून सांगायला लागतो, पण टोपल्या कोरड्या. झाडांचा टप्पाही आला, म्हणजे आम्हीच आणला: तरुण मंडळानं पैसे घातले, पंचायतीनं खड्डे काढून दिले. बावीस रोपं लावली. पहिल्या महिन्यात त्यातली सात रोपं शेळ्यांनी खाल्ली. कोंडवाडा असता तर त्या शेळ्या तिथंच अडकवल्या असत्या. आता जाळ्या लावल्यात, बुधवारच्या बायका जाताना उरलेलं पाणी रोपांना ओततात.

गेल्या एप्रिलमधल्या एका बुधवारी दुपारी एकच्या सुमारास मी दुकान बंद करून तिकडं गेलो. पत्र्याखाली हात वर केला तर आच लागत होती. ओटे निम्मे रिकामे. बाया नेहमीप्रमाणे चिंचेखाली दाटीनं, एकमेकींच्या गुडघ्याला गुडघे लावून. आक्काची मडकी मात्र पत्र्याखाली ओट्यावर ओळीनं मांडलेली, आणि ती स्वतः पंधरा पावलांवर झाडाखाली, तिथूनच गिऱ्हाइकाला भाव ओरडून सांगत होती.

मला बघून तिनं थोडं सरकून जागा केली.

‘‘काय बघूलैस?’’ ती म्हणाली. ‘‘तुझी शेड मडक्यांना बरी हाय. ती आव्याच्या आचेतनं आल्यात.’’